नागरिकत्वाची शिबिरं: फॉर्म आधी की कागद आधी?

राजवाडाकर (मूळ धागा)
पाकिस्तानातून आलेली अनेक सिंधी कुटुंबं इंदूरमध्ये लाँग टर्म व्हिसावर राहतात. त्यांच्यासाठी शिबिरं लागतात आणि एका बैठकीत फॉर्म भरून मोकळे होतात. माझ्या मते हे थांबायला हवं. आधी वकिलाला प्रत्येकाची भारतात प्रवेशाची तारीख बघू द्या. सीएएखाली (नागरिकत्व सुधारणा कायदा) ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांनाच अर्ज करता येतो. केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशातली ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख निराळी आहे. तिने पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळते, नागरिकत्व नाही. लोक नेमके इथेच फसतात.

छावणीकर
अजिबात पटलं नाही. वकिलाच्या घरी पाच खेपा घालणं रोजंदारीवाल्याला परवडत नाही. सीएएचे २०२४ चे नियम सोपे आहेत: मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट चालतो, धर्माचा दाखला स्थानिक समाजसंस्था देते, चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं शपथपत्र लागतं. स्कॅनर, नोटरी आणि समाजाच्या पंचायतीची माणसं शिबिराच्या एकाच मांडवात असली की काम होतं. पुढे जिल्हा समितीसमोर मूळ कागद घेऊन स्वतः जायचं. बोलावूनही गेला नाहीत तर प्रकरण नकाराच्या विचारासाठी वर जातं, म्हणून पाठपुरावाही मांडवातूनच व्हावा.

राजवाडाकर
आणि २०१४ नंतर आलेल्यांचं काय? नागरिकत्व कायद्यातली कलम ५ ची, सात वर्षं भारतात राहून अर्ज करण्याची वाट "भारतीय वंशाच्या" माणसाला आहे, म्हणजे तो स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक अखंड (फाळणीपूर्व) भारतात जन्मलेला हवा. तिशीतल्या मुलाचे आईवडील सिंधमधल्या सक्करला जन्मले, पण १९४७ नंतर. मग तो या व्याख्येत बसत नाही आणि कलम ६ ची बारा वर्षं मोजावी लागतात. मांडवात आईवडिलांचं जन्मसाल कोण विचारतं? पासपोर्टवरच्या प्रवेशाच्या शिक्क्याचंही तेच. पानावरची शाई पसरलेली, साल १३ आहे की १८ ते कळत नाही, आणि तसंच स्कॅन होतं. पासपोर्टवर "लछमण", शाळेच्या दाखल्यावर "लक्ष्मण". दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोडायला हवं, आक्षेप आल्यावर नव्हे.

अन्नपूर्णाताई
तुम्ही दोघंही मुलांना विसरलात. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघंही परदेशी असतील, तर जन्म इंदूरचा असूनही ते आपोआप भारतीय होत नाही. नगर निगमचा जन्मदाखला नागरिकत्वाचा पुरावा नाही. आईवडिलांना नागरिकत्व मिळाल्यावर अल्पवयीन मुलाचा कलम ५ खाली वेगळा अर्ज करावा लागतो, तोही अठरा पूर्ण व्हायच्या आत. एक-एक महिना मोलाचा असतो हो! आणि वकिलाच्या फीचं म्हणाल तर मोफत कायदेशीर मदतीच्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, नागरिकत्वाचीही नाही. १५१०० या मदत क्रमांकावर फोन करा.

छावणीकर
ताई, १५१०० चा फलक मांडवाच्या दारातच लावायला हवा. राजवाडाकर, शिक्के तपासायला एक टेबल वाढवा, हरकत नाही. पण शिबिराची तारीख पुढे ढकलायला माझा विरोध कायम आहे. ज्याचा व्हिसा संपत आलाय त्याचा नंबर पहिला, आणि त्याचं नूतनीकरण त्याच दिवशी ऑनलाइन भरलं गेलं पाहिजे.