नाथसागरावरची ट्रेलर होडी कोकणच्या खुल्या समुद्रात नेण्यापूर्वी काय तयारी करावी?

पैठणरोड_शिडवाला (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना नमस्कार.

माझ्याकडे १९ फूट लांबीची, फायबरग्लासची, ट्रेलरवरून नेता येणारी शिडाची होडी आहे. तिचे वजन ७०० किलोच्या आसपास असून त्यातील १६० किलो वर-खाली होणाऱ्या बिडाच्या कीलचे (तळाखालच्या वजनदार पात्याचे) आहेत, आणि मागे ५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. आवश्यक त्या परवानग्या घेऊन, आणि जायकवाडी हे पक्षी अभयारण्य असल्यामुळे थव्यांपासून पुरेसे लांब राहून, मी व माझी मुलगी ती नाथसागरावर चालवतो. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुटला की या उथळ जलाशयावर ज्या आखूड आणि उभ्या लाटा उठतात, त्यांत होडी सांभाळण्याचा सराव आम्हा दोघांनाही झाला आहे.

येत्या जानेवारीत होडी मांडव्याजवळ समुद्रात उतरवून, खांदेरी डावीकडे ठेवून, अलिबाग व रेवदंड्यावरून मुरुड-जंजिऱ्यापर्यंत जावे असा विचार आहे. नकाशावर हे अंतर सुमारे ३३ सागरी मैल, म्हणजे ६१ किलोमीटरच्या आसपास भरते. होडीच्या बांधणीत आणि सामानात कोणते बदल करणे अत्यावश्यक आहे, आणि नाथसागरावरचा अनुभव समुद्रात कितपत उपयोगी पडेल, हे जाणकारांनी सांगावे. नोकरीची सगळी वर्षे वाळूजमध्ये ओतकामात गेली असल्याने तांत्रिक तपशील कितीही दिला तरी चालेल.

---

गोदातीर (नांदेड)

काका, नमस्कार. तपशील चालेल असे आपण म्हटले आहे, म्हणून होडीच्या अंगापासूनच सुरुवात करतो.

सर्वप्रथम आपली होडी कोणत्या पाण्यासाठी आखलेली आहे हे पाहावे. युरोपीय वर्गीकरणात ‘ड’ श्रेणीची होडी ४ बोफर्टपर्यंतच्या (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचे माप) वाऱ्यासाठी आणि जेमतेम अर्ध्या मीटरच्या लाटेसाठी असते, तर ‘क’ श्रेणीची ६ बोफर्ट वारा आणि २ मीटर लाटेपर्यंत चालते. निर्मात्याची पाटी बहुधा कॉकपिटमध्ये (बसून होडी चालवण्याच्या उघड्या जागेत) किंवा सुकाणूजवळ लावलेली असते. तिथे ‘ड’ लिहिलेले असेल, तर हा बेत या होडीने करू नये असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण तो फरक सामान वाढवून भरून निघत नाही.

‘क’ असेल तर पहिले काम कीलचे. वर-खाली होणारी कील खाली असताना तिला पक्के अडकवणारा बोल्ट असतो आणि तळ्यावर तो बहुतेक जण सैलच ठेवतात, कारण कील गाळात टेकली तर ती वर उचलली जावी अशी सोय हवी असते. समुद्रात लाटेने होडी पूर्ण आडवी झाली आणि बोल्ट सैल असला, तर १६० किलोंचे ते बीड स्वतःच्या वजनाने आत आदळते आणि होडी सरळ करणारे बळ ऐन गरजेच्या वेळी नाहीसे होते. म्हणून खोल पाण्यात गेल्याबरोबर बोल्ट आवळणे हा नियम ठेवावा, आणि निघण्यापूर्वी कीलची खीळ काढून तिची झीज मोजावी.

दुसरे काम पाणी आत न येऊ देण्याचे. केबिनच्या दारातील फळ्या समुद्रात नेहमी बसवलेल्या असाव्यात आणि त्या निसटू नयेत म्हणून त्यांना दोरी किंवा कडी असावी. बसण्याच्या बाकांखालच्या कप्प्यांची झाकणे नुसती ठेवलेली असतात, त्यांना कुलपासारखी घट्ट बसणारी पकड लावावी. कॉकपिटमध्ये भरलेले पाणी किती वेळात वाहून जाते, हे ट्रेलरवर असतानाच बादल्यांनी पाणी ओतून तपासता येते. त्याला पाच-सात मिनिटे लागत असतील, तर निचऱ्याची भोके मोठी करावीत.

यानंतरही होडी पाण्याने भरली तर ती तरंगली पाहिजे. हिशेब असा आहे. बिडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.२ पट असल्याने १६० किलोंची कील पाण्यात १३८ किलोंइतकी जड राहते, तर फायबरग्लासची घनता दीडपट धरली तर ४०० किलोंचे अंग पाण्यात केवळ १३३ किलो भरते. इंजिन आणि लोखंडी सामान मिळून सर्व बेरीज ३०० किलोंच्या थोडी वर जाते. एक लिटर बंद फोम साधारण एक किलो उचलतो, म्हणून दोन माणसे आणि सुरक्षिततेची जागा धरून ५०० लिटर फोम नाळेत (होडीच्या पुढच्या टोकात), बाकांखाली आणि दोन्ही कडांना उंचावर बसवावा. तो सगळा तळाशी भरला तर भरलेली होडी उलटी तरंगेल, म्हणून उंचावरची जागा महत्त्वाची आहे.

डोलकाठीच्या तारांबद्दल आपल्याला अधिक सांगण्याची गरज नाही. स्टेनलेस तार जिथे दाबून टोकाच्या तुकड्यात बसवलेली असते, तिथे खाऱ्या पाण्यात प्राणवायू न पोहोचल्याने आतून गंज सुरू होतो आणि वरून काहीही दिसत नाही. तारा दहा वर्षांहून जुन्या असतील, तर भिंगाने पाहत बसण्यापेक्षा त्या बदलाव्यात. जिथे तारा अंगाला जोडल्या आहेत तिथे आतून पुरेशा रुंदीची पट्टी आहे का, तेही पाहावे.

---

खाडीकाठचा_मास्तर (अंबाजोगाई, मूळ रायगड)

गोदातीर यांनी होडीबद्दल लिहिले ते सर्व मला मान्य आहे. मी वारा, भरती-ओहोटी आणि वाटेबद्दल लिहितो, कारण लहानपण त्याच किनाऱ्यावर गेले आहे.

जानेवारीची निवड उत्तम आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा काळ मुख्यतः मान्सूनच्या आधी आणि नंतर येतो. रायगडला झोडपून काढणारे ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी आले होते. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश बहुधा स्वच्छ असते आणि वाऱ्याचे एक रोजचे वेळापत्रक असते. पहाटेपासून सकाळच्या नऊ-दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारे वाहतात, मग तास-दोन तास वारा पडतो, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे सुरू होऊन सायंकाळपर्यंत वाढत जातात.

आपण दक्षिणेकडे जाणार असल्यामुळे हे वेळापत्रक सोयीचे आहे. सकाळचा मतलई वारा डाव्या कुशीवर मिळेल आणि दुपारचा खारा वारा पाठीमागून येईल. आपल्या होडीचा पाण्यातला वेग साडेपाच नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे फारसा जाणार नाही, आणि सरासरी चार नॉट धरली तरी ३३ मैलांना सव्वाआठ तास लागतात. पहाटे निघालात तर दुपारी उजेडात मुरुडला पोहोचाल. परत उत्तरेकडे येताना मात्र तोच दुपारचा वारा नाकावर असेल, आणि वाऱ्याविरुद्ध आडवे-तिडवे जात १९ फुटी होडीने तेच अंतर कापायला दुपटीहून जास्त वेळ लागेल. म्हणून परतीचा प्रवास समुद्रातून करूच नये असे माझे मत आहे. होडी ट्रेलरवर चढवता येते हेच तिचे मोठे बळ आहे, ते वापरावे. वाहन आणि ट्रेलर कोणी नातेवाईक रस्त्याने मुरुड किंवा आगरदांड्याकडे आणून ठेवू शकेल, आणि आपल्याला सुट्टी संपते म्हणून बिघडलेल्या हवेत निघण्याची वेळ येणार नाही.

भरती-ओहोटी नाथसागरावर नाही, त्यामुळे तिचा अभ्यास आपल्याला नव्याने करावा लागेल. मुंबई-रायगडच्या भागात उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक बदलू शकते, तर भांगाला (अष्टमीच्या सुमारास) ती पुष्कळ कमी बदलते. खाडीच्या मुखाशी वाळूचे उथळ पट्टे असतात, आणि ओहोटीचे पाणी बाहेर येत असताना समोरून खारा वारा वाहत असेल, तर तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत आसरा घ्यावा लागला, तर तो भरती चढत असताना घ्यावा, मावळतीच्या वाऱ्यात ओहोटीला कधीही नाही. पहिल्या फेरीसाठी भांगाचे दिवस निवडले तर उतार, खाडी, नांगर या सगळ्याच गोष्टी सोप्या जातात.

या किनाऱ्यावर कोळी बांधवांची डोल जाळी खांबांना बांधलेली असतात आणि ती किनाऱ्यापासून बरीच आत समुद्रात असतात. कील आणि इंजिनाचा पंखा दोन्ही त्यात अडकू शकतात, शिवाय जाळे फाटले तर एखाद्या घराचे मोठे नुकसान होते. निघण्यापूर्वी आदल्या दिवशी बंदरावर जाऊन तिथल्या तांडेलांना (मच्छीमार होड्यांच्या प्रमुखांना) आपला मार्ग दाखवावा आणि जाळी कुठे आहेत ते विचारावे. ते जे सांगतील ते कोणत्याही नकाशात मिळत नाही. याच भेटीत बंदर कार्यालयाशी बोलून परवानगीचे आणि होडी उतरवण्याच्या जागेचे पाहून घ्यावे, कारण मांडव्याचा आणि आगरदांड्याचा उतार मोठ्या फेरीबोटींच्या वापरात असतो.

अंधारात प्रवास नको. तरीही ७ मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीने निदान एक प्रखर विजेरी हाताशी ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि मुंबईच्या वाटेवरच्या जहाजांना आपण दिसतो असे कधीही गृहीत धरू नये.

---

घाटउतार (बीड)

ट्रेलरबद्दल थोडक्यात. पुण्याहून खाली उतरताना घाटात ब्रेक तापतात, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत आणि गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भार गाडीच्या हुकवर आला पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागे डुलतो. धक्क्यावर पोहोचल्याबरोबर होडी पाण्यात ढकलू नये. गरम बेअरिंग थंड खाऱ्या पाण्यात बुडाले की ते पाणी आत ओढून घेते, आणि परतीच्या वाटेवर चाक जाम होते. तासभर थांबावे, आणि परत आल्यावर गोड्या पाण्याने सर्व धुऊन ग्रीस बदलावे.

डोलकाठी उभी करण्यापूर्वी वर वीजवाहिनी नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. धक्क्यापासून पार्किंगपर्यंतच्या वाटेवरसुद्धा.

---

पैठणरोड_शिडवाला (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर, मास्तर, घाटउतार, आपण तिघांनीही वेळ काढून इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पाटी पाहिली, होडी ‘क’ श्रेणीची आहे. कीलची खीळ उद्याच काढतो. परतीचा प्रवास रस्त्याने करण्याची सूचना मला पूर्णपणे पटली.

एक चिंता उरते. होडीवर आम्ही दोघेच असू. मी पाण्यात पडलो तर मुलीला एकटीने मला वर घेता येईल का, आणि मदत बोलावण्यासाठी कोणते साधन ठेवावे? परदेशी मंडळी उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणे सुचवतात.

---

गोदातीर (नांदेड)

ती उपग्रह उपकरणे कृपया घेऊ नयेत. आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरतो. त्याऐवजी परवान्यासह व्हीएचएफ (होड्या-जहाजांचा) रेडिओ घ्यावा आणि तो १६ क्रमांकाच्या, म्हणजे आपत्कालीन हाकेच्या चॅनेलवर चालू ठेवावा. हातात धरायच्या ५ वॉटच्या संचापेक्षा डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला २५ वॉटचा संच कितीतरी लांब पोहोचतो, कारण हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि अँटेनाची उंचीच पल्ला ठरवते. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन घेतला, तर त्याची नोंदणी इस्रोच्या बंगळुरू येथील केंद्राकडे करावी लागते. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असते, तेव्हा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असू द्यावा.

आता मुख्य प्रश्न. पडूच नये, हे पहिले उत्तर. १९६५ मध्ये रॉबर्ट मॅन्री या अमेरिकी गृहस्थाने साडेतेरा फुटांच्या ‘टिंकरबेल’ने ७८ दिवसांत अटलांटिक ओलांडला, आणि त्या प्रवासात लाटांनी त्याला अनेकदा बाहेर फेकले. प्रत्येक वेळी तो होडीशी दोराने बांधलेला असल्यामुळेच वाचला. आपल्या होडीच्या दोन्ही कडांना नाळेपासून मागेपर्यंत सपाट पट्टे ताणून बांधावेत, आणि केबिनमधून बाहेर येण्याआधीच हार्नेसची (अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्याची) कडी त्यांना अडकवावी. जीवरक्षक जॅकेट १५० न्यूटन तरंगबळाचे घ्यावे, कारण शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड वर ठेवण्याची क्षमता त्यात अधिक असते.

तरीही कोणी पडले, तर मुलीने पहिल्या क्षणी जिब (पुढचे लहान शीड) वारा येतो त्याच बाजूला अडकून राहील अशी होडी वळवून थांबवावी, म्हणजे ती आपल्यापासून लांब जाणार नाही. तरंगता दोर पिशवीत भरून मागे टांगलेला असावा. जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये नव्हे, पूर्ण बंद करावे. वर घेणे हे सर्वांत अवघड काम आहे. भिजलेल्या माणसाला हातांनी ओढून काढणे एकट्या व्यक्तीला जवळजवळ अशक्य असते, म्हणून मागच्या बाजूला पाण्यात दोन-तीन पायऱ्या खोल जाणारी आणि पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येणारी शिडी पक्की बसवावी. आपण अर्धवट शुद्धीत असाल, तर मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) हॅलयार्डला (शीड वर ओढण्याच्या दोराला) चौपट फायद्याचा कप्पीचा संच लावून मुलीला आपल्याला उचलता आले पाहिजे.

हे सगळे नाथसागरावर करून पाहता येते. आधी पाण्याने भरलेला कॅन टाकून, मग दुसरी होडी शेजारी ठेवून आपण स्वतः जॅकेटसह पाण्यात उतरून, आणि शेवटी वारा १२-१५ नॉट असताना मुलीला एकटीला सुकाणूवर ठेवून. याच दिवसांत मेनसेलचे दोन्ही रीफ बांधण्याचाही (म्हणजे शीड टप्प्याटप्प्याने लहान करण्याचाही) सराव तिने एकटीने करावा, कारण पांढरे फेस सर्वत्र दिसू लागले की पहिला रीफ बांधलेला असला पाहिजे, आणि त्या वेळी आपण दोघे मोकळे असालच असे नाही.

---

पैठणरोड_शिडवाला (छत्रपती संभाजीनगर)

शिडी आणि कप्पीचा संच मागवतो. पाणी अजून भरपूर आहे, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच सराव सुरू करू. मास्तर, मांडव्याला तांडेलांना भेटायला डिसेंबरमध्ये आधी रिकाम्या हाताने येऊन जाईन. त्या दिवसांत आपण गावी असाल, तर सोबत यावे अशी विनंती आहे.