मदत हवी आहे : आबाजींना चंद्रपूरचा किल्ला दाखवायचा आहे

नमस्कार जी. आम्ही मूल तालुक्यातल्या एका खेड्यातले. धान निघाला की आबाजींना आणि पोरांना घेऊन एक दिवस चंद्रपूरला जायचं आहे. आबाजी ऐंशीच्या वर आहेत, गुडघे दुखतात. लहानपणी चैत्रात महाकालीच्या यात्रेला बंडीनं गेले होते, तेव्हा वेशीवर पाहिलेला हत्तीला दाबून धरणारा सिंह त्यांना अजून आठवतो. परवा अंगणातल्या धुळीत काडीनं तो काढून दाखवला त्यांनी, शेपटीच्या वळणासकट.

गेल्या वर्षी गेलो होतो, पण पोचलो भर दुपारी. किल्ल्याचं जटपुरा गेट गाडीतूनच पाहिलं आणि परतलो. तेव्हापासून मनाला रुखरुख आहे. गोंड राजांची राजधानी आपल्या इतक्या जवळ, अन् पोरांना फक्त तिथली गर्मी माहीत!

यंदा अंचलेश्वर मंदिर, त्याजवळच्या राजांच्या समाध्या आणि महाकाली मंदिर एवढं नक्की करायचं आहे. राणी हिराईनं आपल्या नवऱ्यासाठी, गोंड राजा बीरशहासाठी बांधलेली समाधी मला स्वतःला डोळे भरून पाहायची आहे.

समाधीपर्यंत पायऱ्या किती चढाव्या लागतात? गाडी कुठवर जाते? पठाणपुरा आणि बिनबा गेटही त्याच दिवशी होतील का? जुनी राजधानी बल्लारपूर, वर्धेकाठचा तो किल्ला, आबाजींना झेपेल की दुसऱ्या खेपेला ठेवू?

आणखी एक, गोंडी बोलणारा कोणी जाणकार माणूस सोबत मिळाला तर फार बरं होईल. आबाजी त्याच भाषेत मोकळे होतात.