जांभळ्या फाउंटन ग्रासच्या कांड्या थंडीत मुळं का धरत नाहीत? उजेड वाढवू की खालून ऊब देऊ?

एकडोळा: पुण्याजवळ ७५ टक्के शेडनेटखाली 'रुब्रम' या त्याच्या जांभळ्या जातीच्या एकेका डोळ्याच्या कांड्या ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये लावल्या आहेत. माध्यम निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दर १५ मिनिटांनी मिस्ट म्हणजे बारीक फवारा, रात्रीही चालू. ऑगस्टमध्ये याच पद्धतीने दोन आठवड्यांत मुळं येतात. आता डिसेंबरात तीन आठवडे झाले. डोळा हिरवा आहे, पण मुळाचा पत्ता नाही आणि काही कांड्या बुडाकडून काळ्या पडतायत. पहाटे हवा ११-१२ अंश. शेडनेट बदलावं की ट्रेखाली हीटिंग केबल टाकावी? दोन्ही खर्च एकदम झेपणार नाहीत.

काळीमाती: आधी ऊब. ऑगस्टात ढगांमुळे उजेड आजच्यापेक्षा काही जास्त नव्हता, तरी मुळं आली. बदललंय ते माध्यमाचं तापमान. हे उष्ण हंगामाचं गवत आहे, उसासारखंच. थंडीत उसाचा डोळासुद्धा रुसतो. मुळांपाशी २३ ते २५ अंश हवेत. १८च्या खाली कांडी जगते, पण मुळं काढत नाही, आणि तेवढ्यात ओलं बूड कुजतं.

सुईचा थर्मामीटर सकाळी सहाला कप्प्यात २-३ सेंमी खोल खुपसून बघा. हवेचा आकडा इथे फसवतो. आणि रात्रीचा मिस्ट आजच बंद करा! टाकीचं गार पाणी रात्रभर ट्रेमध्ये मुरतंय.

लक्समीटर: ऊब आधी, हे मान्य. पण उजेडाचा हिशोबही करून ठेवा, कारण मुळं सुटल्यावर तोच कमी पडेल. उन्हात १०,००० लक्स म्हणजे झाडाला उपयोगी उजेड साधारण १८५ मायक्रोमोल, चौरस मीटरला दर सेकंदाला. ११ तासांची सरासरी ८,००० लक्स असेल तर दिवसाला ६ मोल मिळतात, १५,००० असेल तर ११. पहिले आठ-दहा दिवस ६ ते ८ मोल पुरेत. पान कापलेलं, मूळ नाही, जास्त ऊन दिलं तर पान गुंडाळतं. मुळांची पांढरी टोकं दिसली की १० ते १२ वर न्या. त्यासाठी नवीन नेट कशाला? सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर आहे तेच बाजूला सारायचं.

पान नुसतं हिरवं पडत असेल तर उजेड कमी पडतोय. या गवताचा जांभळा रंग उन्हावरच चढतो.

एकडोळा: आज सकाळी मोजलं. कप्प्यात १५.५, हवा १२. दुपारी दोनला कप्प्यात २२. केबल कशी अंथरायची?

काळीमाती: मग उत्तर मिळालं. २२ अंश मिळतात, पण दिवसातले दोन-तीन तासच.

खाली २५ मिमी थर्माकोल, त्यावर केबल ८-१० सेंमी अंतराने, एक फेरा दुसऱ्याला कुठेही चिकटू न देता, वर ५ सेंमी ओलसर वाळू, वाळूवर ट्रे. चौरस मीटरला १०० वॉट धरा. ३ मीटर बाय १.२ मीटरच्या बाकाला ३६० वॉट. थर्मोस्टॅटचा सेन्सर वाळूत पुरू नका. वाळू कप्प्यापेक्षा गरम असते, त्यामुळे सेन्सर २४ दाखवतो आणि मुळांना २०च मिळतात. तो कप्प्यात, कांडीच्या बुडापाशी हवा. मिस्टखाली वीज आहे, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय बटण दाबू नका. रात्रीपुरतं ट्रेवर पॉलिथिन झाका: उन्हं कलल्यावर टाकायचं, सकाळी नऊला उघडायचं. खाली ऊब, वर मोकळी हवा. वरही कोंडून गरम केलंत तर फुटवा आधी पळतो आणि मूळ मागे राहतं.

हिरवळ_ताई: एकडोळा, कांडी कशी कापताय तेही बघा. नेपियर या चाऱ्याच्या गवताची कांडी शेतात कशीही खुपसली तरी लागते, ही तेवढी दणकट नाही. तुरा बाहेर पडलेली काडी घेऊ नका. तिच्यात फुटायचा जोर उरलेला नसतो. पेराखाली, म्हणजे डोळा असतो त्या गाठीखाली, फक्त १ ते दीड सेंमी ठेवा. लांब शेपूट ठेवलं की तेच आधी काळं पडतं. पेराला चिकटलेलं वाळकं पानाचं आवरण सोलून टाका, पाणी तिथेच साचतं. पान एक तृतीयांश ठेवा. पेर माध्यमात जेमतेम बुडावं, डोळा वर बघत राहावा.

निव्वळ कोकोपीट थंडीत फार ओलं राहतं. निम्मं परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) मिसळा. मूठभर घेऊन दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत; धार लागली तर ओल जास्त.

एकडोळा: काळ्या पडलेल्या कांड्या पुन्हा कापून लावू?

हिरवळ_ताई: पेर टणक आणि आतून पांढरं असेल तरच. काळा भाग पूर्ण उतरवून, प्रत्येक कापाला पातं स्पिरिटने पुसून, ताज्या मिश्रणात लावा. पेरापर्यंत तपकिरी रेघ गेली असेल तर ती कांडी टाकून द्या, आणि कप्प्यातलं माध्यमही.