सूकीने एरिकला नाकारले, की लेखिकेने त्याला परस्पर घरजावई करून टाकले?

कापूसकाठ (केळापूर तालुका, यवतमाळ)

शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेतील तेराव्या आणि अखेरच्या कादंबरीचा, म्हणजे २०१३ साली आलेल्या 'डेड एव्हर आफ्टर'चा शेवट मला आजही पटलेला नाही. आपल्या वाचनगटात ज्यांना तो पटला त्यांच्याशी एकदा सविस्तर भांडावे, म्हणून हा धागा काढत आहे. शेवट उघड केल्याशिवाय भांडता येणार नाही, तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेल्या प्रती ज्यांच्याकडे अजून अर्ध्यावर आहेत त्यांनी येथेच थांबावे.

मालिका न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या एका आडगावात सूकी ही तरुणी सॅम मर्लॉट याच्या बारमध्ये वेट्रेस आहे आणि तिला माणसांच्या मनातले ऐकू येते, ही तिची जन्माची पीडा आहे. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केल्यामुळे व्हॅम्पायर आता उघडपणे समाजात वावरू लागले आहेत. त्यांच्या मनातले मात्र तिला ऐकू येत नाही, आणि त्या शांततेपोटीच ती पहिल्या कादंबरीत (२००१) बिल कॉम्प्टनकडे ओढली जाते. मालिकेचा विनोद कोणत्या जातीचा आहे ते तेथेच कळते. रक्तपिपासूचे नाव 'बिल' आहे हे ऐकून सूकीला हसू आवरत नाही. तिच्या आजीला तर घरी व्हॅम्पायर येणार याची भीती वाटण्याऐवजी, हा गृहस्थ अमेरिकेच्या यादवी युद्धात स्वतः लढलेला आहे तर आपल्या मंडळात व्याख्यानाला येईल काय, याचीच घाई झालेली असते. (आपल्याकडे पानिपतावर लढलेला असा कोणी सापडला असता, तर व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी त्याला नेमकी सकाळी दहाची वेळ दिली असती.)

पुढे बिल मागे पडतो आणि हजार वर्षांचा व्हायकिंग एरिक नॉर्थमन पुढे येतो. चौथ्या कादंबरीत तो स्मृती गमावून सूकीच्या घरी लपून राहतो, आणि बहुतेक वाचकांचा जीव त्याच्यात अडकला तो तेथे. शेवटी काय होते, तर एरिकला व्हॅम्पायर बनवणाऱ्या त्याच्या धन्याने मरण्यापूर्वीच त्याची सोयरीक ओक्लाहोमाच्या राणीशी ठरवून ठेवलेली असते, करार दोनशे वर्षांचा होतो, एरिक सूकीला रीतसर फारकत देतो आणि राणीकडे घरजावई म्हणून निघून जातो. सूकी सॅमची होते.

माझी तक्रार सॅमबद्दल नाही. तो भला माणूस आहे, आणि मनात आले की कुत्र्याचे रूप घेतो हा काही दोष म्हणता येणार नाही. माझी तक्रार अशी आहे की हा निर्णय सूकीने घेतलेलाच नाही. तिसरी कादंबरी, 'क्लब डेड' (२००३), आठवून पाहा. व्हॅम्पायरला आमंत्रणाशिवाय माणसाच्या घरात पाऊल टाकता येत नाही आणि दिलेले आमंत्रण मागेही घेता येते, या नियमाचा आधार घेऊन ती बिल आणि एरिक या दोघांनाही घराबाहेर काढते, आणि ते दोघे बलदंड पुरुष उलट पावलांनी मुकाट्याने दाराबाहेर जातात. ते दृश्य आपल्याला हसवते आणि त्याच वेळी सूकी कोण आहे तेही सांगते. दहा पुस्तकांनंतर तीच सूकी दुसऱ्यांच्या तहनाम्यामुळे मोकळी होते. ज्या प्रियकराला तिने स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणायला हवे होते, त्याची लेखिकेने बदलीचा आदेश काढून परजिल्ह्यात रवानगी केली.

संत्राबाग (वरुड)

ताई, आपला मुद्दा मांडणीला चांगला आहे, परंतु त्यात एरिकचा पूर्वेतिहास सोयीस्करपणे गाळलेला आहे. नवव्या कादंबरीत, म्हणजे 'डेड अँड गॉन'मध्ये (२००९), एरिकने सूकीच्या हातून साक्षीदारांसमोर एक सुरा स्वीकारला आणि व्हॅम्पायरांच्या कायद्यानुसार तो त्यांचा विवाह ठरला. आपण काय करत आहोत हे सूकीला ठाऊकच नव्हते. त्यामागे तिच्या रक्षणाचा हेतू होता असे म्हणतात, आणि तो असेलही. परंतु ज्याने लग्न तिला न विचारता लावले, त्याची फारकतही तिला न विचारता झाली, यात अन्याय कोणावर झाला ते मला समजलेले नाही.

दुसरे असे की सूकी ही उन्हातली बाई आहे. अंगणात खुर्ची टाकून ऊन खात पडणे हा तिचा सर्वांत मोठा षोक आहे, आणि तो पहिल्या कादंबरीपासून आहे. (मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मुलखात हा षोक कोणाला कळणार नाही, हे मला मान्य आहे.) आजीचे जुने घर, गाव, बारमधली नोकरी, पुढेमागे मुलेबाळे, हे सारे तिला हवे आहे आणि हे सारे दिवसाचे आहे. रब्बीत कृषिपंपाला रात्रीची वीज असते तेव्हा ओलिताला जाणारा, रानडुकरांसाठी जागल करणारा आणि बिबट्याला न भिणारा नवरा म्हणून एरिक उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. मात्र तलाठी कार्यालयात सही करायला, वेचणीला बाया सांगून आणायला आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हॅम्पायर व्हायचे नाही हे सूकीने वारंवार सांगितले आहे. मग ती ऐंशी वर्षांची झाल्यावर एरिकने तिच्याशेजारी तरणाताठा बसून काय करायचे होते, हे शेवटावर रागावलेल्या वाचकांपैकी कोणी सांगत नाही.

धानबांधी (देसाईगंज)

संत्राबागवाल्यांनी नवरा कोण चांगला याचा हिशेब मांडला आहे. कापूसकाठ ताईंचा प्रश्न मात्र तो नव्हता. कोणाची निवड झाली यापेक्षा ती कशी दाखवली, हा प्रश्न आहे, आणि त्यावर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, माणसाने बोललेच पाहिजे.

आमच्याकडे दिवाळीनंतर धान निघाले की मंडई (म्हणजे गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने गावोगाव नाटके लागतात आणि ती रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. अंगावर चादर घेऊन, लेकरे मांडीवर निजवून बसलेला प्रेक्षक लावणी सहन करतो, लांबलेला विनोदी प्रवेश सहन करतो, मधेच बिघडलेला माइकही सहन करतो, कारण शेवटच्या प्रवेशात दोन माणसे समोरासमोर उभी राहून एकदाचे खरे बोलतील याची त्याला खात्री असते. तो सामना विंगेत झाला आणि कोणीतरी येऊन त्याचा निरोप सांगितला, असे झाले तर पुढच्या वर्षी त्या कंपनीला गावात मांडव मिळणार नाही. 'डेड एव्हर आफ्टर'मध्ये एरिकचे सारे भवितव्य असे विंगेत ठरते. तो किती झगडला, करारातून सुटण्यासाठी त्याने काय केले, राणीसमोर तो काय बोलला, हे आपल्याला इतरांकडून कळते. निवेदन सूकीचे आहे, त्यामुळे ती जेथे नाही ते दाखवता येत नाही, ही अडचण मला समजते. परंतु मग लेखिकेने तिला तेथे न्यायचे होते.

त्यात भर म्हणून अर्लीन या जुन्या मैत्रिणीचा खून होतो, त्या खुनासाठी सूकीला अटक होते, आणि निम्मे पुस्तक त्या तपासात जाते. बारा पुस्तके ज्या प्रश्नावर वाचकाला जागवले त्याच्यासाठी तेराव्यात जागाच उरली नाही.

जुना ग्रंथपाल (आर्वी)

खुनाचा तपास हे उपकथानक नाही, धानबांधी. शार्लेन हॅरिस या मुळात रहस्यकथा लिहिणाऱ्या बाई आहेत, आणि पहिल्याच कादंबरीत गावातल्या बायकांचे खून होतात व त्यांतच सूकीची आजीही मारली जाते, हे आपण बिलच्या नादात विसरलो. प्रेमकथा म्हणून मालिका वाचणाऱ्याला नायक-नायिकेचे मीलन हा आपला हक्क वाटतो. लेखिकेने तसा शब्द कधी दिला नव्हता. पुस्तक बाजारात येण्याआधीच शेवट फुटला आणि तिकडच्या वाचकांनी आकाशपाताळ एक केले ते याच गैरसमजातून. एचबीओ या अमेरिकी वाहिनीने 'ट्रू ब्लड' या नावाने २००८ ते २०१४ या काळात मालिका केली आणि त्यामुळे एरिकचे रूप लोकांच्या डोळ्यांत इतके भरले की पुस्तकातला एरिक किती मतलबी आहे ते वाचायचे राहून गेले.

रात्रपाळी (उमरेड)

मला एरिकही नको आणि सॅमही नको. मला बब्बा हवा होता. जगप्रसिद्ध गायक, शवागारातील एका चाहत्याने घाईने व्हॅम्पायर केलेला, त्यामुळे डोक्याने अर्धवट राहिलेला, माणसांऐवजी मांजरांच्या मागे लागणारा, आणि ज्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची नाही असा सर्वांना दंडक घातलेला. असले पात्र ज्या बाईंना सुचते, त्यांच्याच शेवटच्या पुस्तकात हसू इतके आटावे, हेच माझे दुखणे आहे. शेवट दुःखाचा असता तरी चालला असता, पण तो कोरडा आहे.

शाळामास्तरीण (भंडारा जिल्हा)

या वादाचा निवाडा आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि प्रेतात वस्ती करून राजाच्या खांद्यावरून बोलणारा वेताळ हा तर या व्हॅम्पायरांचा थोरला भाऊच. त्यातली मंदारवतीची गोष्ट पाहा. तिला मागणी घालणारे तीन तरुण असतात आणि ती अचानक मरते. एक तिच्या चितेच्या राखेवरच झोपडी बांधून राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो, आणि तिसरा देशोदेशी फिरून मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून आणतो. मंदारवती जिवंत होते. आता ती कोणाची, असे वेताळ विचारतो. राजा सांगतो की जिवंत करणारा तो बाप झाला, अस्थी नेणारा तो मुलगा झाला, आणि राखेपाशी राहिला तो नवरा. सॅम हा राखेपाशी राहिलेला आहे. पहिल्या कादंबरीत तो कुत्र्याच्या रूपात तिच्या घरी राखण करत झोपला होता आणि तेराव्यातही तो त्याच गावात आहे.

कापूसकाठ (केळापूर तालुका, यवतमाळ)

मास्तरीणबाई, निवाडा मोठा सुंदर आहे, परंतु तो तुमच्यावरच उलटतो. बाराव्या कादंबरीत, 'डेडलॉक्ड'मध्ये (२०१२), सॅम मारला जातो आणि सूकी आपल्याजवळची परीलोकीची वस्तू वापरून त्याला परत आणते. राजाच्या न्यायाने जिवंत करणारा बाप ठरतो, तर सूकी ही सॅमची आई झाली. मग लग्न कसे लावता?

शाळामास्तरीण (भंडारा जिल्हा)

ताई, बरे झाले तो प्रसंग तुम्हीच काढला. राजाने मंत्रवाल्याला बाप ठरवले, कारण मंत्र म्हणताना त्याला स्वतःचे काही गमवावे लागले नाही, असे मी तरी वाचते. सूकीचे तसे नाही. त्या वस्तूत एकच इच्छा पुरी करण्याचे बळ होते. ती इच्छा आपला करार मोडण्यासाठी वापरली जाईल, अशी एरिकची आशा होती, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत सॅमसाठी खर्च झाली. तुम्ही तेराव्या पुस्तकात जो 'नाही' शोधत आहात, तो सूकीने बाराव्यातच उच्चारला आहे, आणि एरिकला तो बरोबर ऐकू गेला. राणीचा करार हा त्यानंतरचा कागदोपत्री सोपस्कार आहे.

संत्राबाग (वरुड)

शाळामास्तरीणबाईंना पूर्ण अनुमोदन. धानबांधींना हवा असलेला समोरासमोरचा प्रवेश तोच होता, फक्त तो एक अंक आधी आला.

कापूसकाठ (केळापूर तालुका, यवतमाळ)

हे उत्तर मला या धाग्यात सर्वांत जड गेले. तरीही मी ते अर्धेच स्वीकारीन. डोळ्यांसमोर मित्र मरत असताना हातात जीवदान असेल, तर कोणीही सज्जन माणूस ते देईल. त्या क्षणी सूकी नवरा निवडत नव्हती, सॅमचा जीव वाचवत होती. तो निर्णय होता असे लेखिकेला म्हणायचे होते, तर तेराव्या पुस्तकात सूकीने त्यावर एकदा तरी नीट, आणि तिच्या सवयीप्रमाणे स्वतःला हसत, विचार करायला हवा होता. त्याऐवजी परत आलेला सॅमच कितीतरी पाने तिच्याशी तुटक वागतो आणि शेवटी दोघे हळूहळू पुढे जाऊ या म्हणतात. तेरा पुस्तके वाचून झाल्यावर आणखी हळूहळू कोठे जायचे?

जुना ग्रंथपाल (आर्वी)

कोठे जायचे ते लेखिकेने सांगितले आहे. त्याच वर्षी 'आफ्टर डेड' हे लहान पुस्तक आले आणि त्यात पुढे कोणाचे काय झाले ते दिले आहे. सूकी आणि सॅमचे लग्न होते, मुले होतात. वाचनालयाच्या पुढच्या खरेदीत ते घ्यावे, असे मी सुचवतो.

धानबांधी (देसाईगंज)

ते मी चाळले आहे. पात्रांची वर्णक्रमाने लावलेली ती यादी आहे. त्यात लोक लग्ने करतात, मरतात, गाव सोडतात, परंतु कोणी कोणाशी एक वाक्य बोलत नाही. खरेदीला माझा विरोध नोंदवावा. त्या पैशांत चौथ्या कादंबरीची दुसरी प्रत घ्यावी, कारण आपल्या प्रतीतली एरिक सूकीच्या घरी राहतो तेवढीच पाने शिलाईतून सुटली आहेत.

संत्राबाग (वरुड)

ती पाने सुटली तेव्हा प्रत कोणाकडे होती हे रजिस्टरमध्ये पाहावे, आणि दुसऱ्या प्रतीचा खर्च एरिकच्या पक्षाने उचलावा.