५६००एक्स सिनेबेंचमध्ये पास, रिकामा असताना मात्र रीस्टार्ट. कर्व्ह ऑप्टिमायझर की एसएमपीएस?

मुलुंडचा_पीसी

मंडळी, मार्गदर्शन हवंय. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० स्टिक (एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, चालू), १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला जास्त वेग घेऊ देणारी सोय) ॲडव्हान्स्ड, बूस्ट ओव्हरराइड +२०० (कमाल वेगात २०० मेगाहर्ट्झची भर), कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सोय) ऑल कोअर उणे ३०. सिनेबेंच आर२३ ही लोड टाकणारी चाचणी अर्धा तास आरामात चालते, एसी लावून तापमान ७४ अंशांच्या वर जात नाही. पण यूट्यूब बघताना, नाहीतर नुसतं डेस्कटॉपवर सोडलं की मशीन धाडकन रीस्टार्ट होतं. निळी स्क्रीनही येत नाही. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. भर लोडवर टिकणारं मशीन रिकामं असताना का पडावं?

व्होल्टमोजणी

एसएमपीएसचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. लक्षणं सरळ कर्व्ह ऑप्टिमायझरची आहेत.

सिनेबेंचमध्ये सहाही कोअर एकदम राबतात. तेव्हा वीज आणि तापमानाची मर्यादा आड येते आणि क्लॉक (कोअरचा वेग) कमालपेक्षा बराच खाली राहतो. यूट्यूबला किंवा रिकाम्या डेस्कटॉपवर एखादाच कोअर क्षणभर जागा होतो आणि +२०० मुळे थेट ४.८५ गिगाहर्ट्झच्या आसपास उडी मारतो. कर्व्हची एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे तुम्ही ९० ते १५० मिलिव्होल्ट कापलेत, आणि सर्वात जास्त व्होल्टेज लागतं नेमकं त्या उडीच्या क्षणी. म्हणून सिनेबेंच कितीही तास चालवलंत तरी हा दोष पकडला जाणार नाही.

आता पुरावा बघा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टम. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेलच, पण तो फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगतो. वीज गेली तरी तोच येतो. तुम्हाला शोधायचाय ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ (हार्डवेअरच्या चुकांची विंडोजची नोंद), इव्हेंट आयडी १८, आत ‘कॅश हायरार्की एरर’ आणि खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी. हा आयडी थ्रेडचा असतो आणि प्रत्येक कोअरला दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी दोन कामं), म्हणून आयडीला दोनने भागा: ० आणि १ म्हणजे कोअर ०, २ आणि ३ म्हणजे कोअर १, असं पुढे. डब्ल्यूएचईएची एकही नोंद नसेल आणि नुसता ४१ असेल, तरच एसएमपीएस किंवा घरच्या विजेकडे बघा.

कोअरगणिक

वरच्या उत्तराशी सहमत, पुढची कृती सांगतो.

आधी बूस्ट ओव्हरराइड ० करा. दोन गोष्टी एकदम ताणल्या की चूक कुणाची ते कळत नाही. मग ऑल कोअर सोडून ‘पर कोअर’ निवडा. एएमडीच्या रायझन मास्टर प्रोग्राममध्ये सर्वात चांगल्या दोन कोअरवर खूण असते. त्या दोघांना उणे १० द्या, बाकीच्या चौघांना उणे २०. हे उलटं वाटेल, पण चांगला कोअर कारखान्यातूनच कमी व्होल्टेजवर बसवलेला असतो आणि हलकं काम विंडोज त्याच्याच गळ्यात घालतं. त्याच्याकडे कापायला फारसं शिल्लक नसतं.

तपासायला कोअरसायकलर. तो प्राइम९५ ही गणिती ताण-चाचणी एकेका कोअरवर आळीपाळीने चालवतो. कॉन्फिग फाइलमध्ये मोड एसएसई आणि एफएफटी साइझ ‘ह्यूज’ ठेवा. एव्हीएक्स या जड मोडने कोअर जास्त तापतो आणि क्लॉक खाली येतो. आपल्याला क्लॉक वरच हवाय. कोअरमागे ६ मिनिटं धरली तर सहा कोअरची फेरी ३६ मिनिटांत होते. रात्रभर लावून ठेवा. चूक झाली की ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ येते आणि कोअरचा नंबर लॉगमध्ये पडतो. फक्त त्या कोअरला ३ पायऱ्या परत द्या (उणे २० चं उणे १७) आणि पुन्हा चालवा. सगळे पास झाले की प्रत्येकाला आणखी २ पायऱ्या सूट द्या. या दोन पायऱ्यांवर कंजूषी करू नका, बेंचमार्कमध्ये त्यांचा फरक दिसतही नाही.

सगळं झाल्यावर +२०० परत हवंच असेल तर ५० च्या टप्प्याने चढा आणि दर टप्प्याला हीच फेरी. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षात मिळणारा वेग) बघत जा. एका कोअरवर पूर्ण लोड असताना दाखवलेला क्लॉक ४.८ आणि इफेक्टिव्ह बराच कमी असेल, तर व्होल्टेज पुरत नाहीये आणि चिप आपणच क्लॉक ताणतेय. आकडा मोठा, काम कमी.

दमट_हवा

दादा, त्याच्याही आधी रॅम. एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे. कर्व्ह पूर्ण बंद करून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास काढा. एक जरी चूक आली तर बाकी सगळ्या चाचण्या फुकट. आणि एसी बंद करून तपासा. मे महिन्यात खोली ३३-३४ अंशांवर असते. खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते, तुमचे ७४ चे ८४ होतील. ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे, म्हणजे धोका नाही, पण कसोटी खरी होते.

व्होल्टमोजणी

रॅमचं अगदी बरोबर, ती तापल्यावर जास्त चुकते. कोअरच्या बाबतीत मात्र एसी बंद करून भागणार नाही. चिप गार असली की बूस्ट जास्त वर जातो आणि जास्त वेळ टिकतो. त्यामुळे हलक्या लोडचा रीस्टार्ट गार खोलीत अधिक सहज होतो. रॅम आणि सगळ्या कोअरचा लोड एसी बंद करून, कोअरसायकलर एसी २४ वर लावून. दोन्ही करा.

मुलुंडचा_पीसी

आभार! लॉगमध्ये आयडी १८ च्या तीन नोंदी मिळाल्या, एपीआयसी आयडी ४, ५ आणि पुन्हा ४. म्हणजे कोअर २, आणि रायझन मास्टरमध्ये खूण त्याच्यावरच आहे. मेमटेस्टमध्ये चार पासला शून्य चुका. पर कोअर करून आता कोअर २ उणे ७ वर रात्रभर पास झालाय. बाकी काही तपासायचं राहिलं का?

कोअरगणिक

स्लीप राहिलं. मशीन झोपवा, दहा मिनिटांनी उठवा, असं पाच-सहा वेळा. मग पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ ठेवून ब्राउझर उघडा सोडा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (अक्षरं इंग्रजीत) एकदा चालवा. इतक्या रीस्टार्टनंतर विंडोजच्या फाइली खराब झालेल्या असू शकतात. आणि सहाही कोअरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की कर्व्ह पुसला जातो, आणि जुन्या आवृत्तीचं सेव्ह केलेलं प्रोफाइल बरेच बोर्ड नव्या आवृत्तीत उघडत नाहीत.