मदत हवी आहे: पोर्तुगीज वसाहतींच्या स्वातंत्र्याची तारीख नेमकी कोणती धरायची?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांना घेऊन पोर्तुगीज साम्राज्य कसं संपलं याचा तक्ता करतोय. रकाने साधे: देश, लढा कधी पेटला, स्वातंत्र्य कधी. मोझांबिक सरळ बसला, १९६४ आणि २५ जून १९७५. पुढे शेवटच्या रकान्यात घोडं अडलंय.

गिनी-बिसाऊ घ्या. तिथे सशस्त्र लढा १९६३ पासूनचा. जानेवारी १९७३ मध्ये लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांचा शेजारच्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, खून झाला, तरी त्यांच्या पक्षाने २४ सप्टेंबर १९७३ ला स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं आणि नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याचं स्वागतही केलं. पोर्तुगालची मान्यता मात्र १० सप्टेंबर १९७४ ची, म्हणजे २५ एप्रिलला लिस्बनमध्ये लष्करानेच सरकार उलथवल्यानंतरची. (ते बंड करणारे अधिकारी आफ्रिकेतल्या याच युद्धांना विटलेले होते. तेव्हा कोणी कोणाला सोडवलं, हा खरा मजेदार प्रश्न. पण तो तक्त्यात मावत नाही.)

माझा कल १९७३ कडे आहे, तिथले लोकही २४ सप्टेंबरच पाळतात. पण हाच नियम पूर्व तिमोरला लावला की पंचाईत. घोषणा २८ नोव्हेंबर १९७५ ची, ७ डिसेंबरला इंडोनेशियाची फौज आत, आणि स्वतंत्र देश उभा राहिला तो थेट २० मे २००२ ला. उलट पोर्तुगालच्या मान्यतेची तारीख धरावी, तर गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व त्यांनी ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात कबूल केलं. १९ डिसेंबर १९६१ सोडून ते छापलं तर पालक तक्ता भिंतीवर राहू देतील का?

अंगोलाची तारीख ठाम आहे, ११ नोव्हेंबर १९७५. पण पोर्तुगीज उच्चायुक्त सत्ता कुठल्याच पक्षाकडे न देता ‘अंगोलाच्या जनतेकडे’ सोपवून निघून गेले. मग लुआंडात एक सरकार, हुआम्बोत दुसरं. ‘सत्ता कोणाकडे’ हा रकाना मी त्याच दिवशी खोडला.

इतिहास शिकवणाऱ्यांनी सांगा: ‘घोषणा’ आणि ‘मान्यता’ असे दोन रकाने करू का? तिमोर मग कुठे बसवू?

आणखी एक. मूळचे गोव्याचे आकिनो द ब्रागांसा १९६१ मध्ये कासाब्लांकात या वसाहतींमधल्या चळवळींची मोट बांधणाऱ्यांपैकी होते. त्यांच्यावर मराठीत किंवा कोकणीत मुलांना वाचायला देण्याजोगं काही असेल तर कृपया सुचवा.