आईचं दुखणं ही देवाची परीक्षा?

जालनेकर: आई लकव्यानं खाटेवर पडलीय. उपासनेनंतर चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, देव पारखून घेतो. बायबलातल्या रोमकरांस पत्र 5 मधलं 'संकटानं धीर येतो' मलाही पाठ आहे. पण कूस बदलताना ती कण्हते, तवा धीर कुणाचा वाढायचा? तिचा का माझा?

बीडची ताई: दादा, ते पत्र लिहिणाऱ्या पौलानंही शरीरातला काटा, म्हणजे छळणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. दुःख गोड मानून गप बसला नाही. तुम्ही पण मागा.

परभणीकर: बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस गप होते तोवर बरे होते. तोंड उघडून त्यालाच दोष दिला अन् घोटाळा!

जालनेकर: बायबलातलं स्तोत्र 88 वाचलं. शेवटपर्यंत अंधारच की! आईला आवडलं मात्र.

बीडची ताई: वाचा रोज. अन् दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.